पट्टेरी गवतातलं हिरवं

४ जून २००७
शालिनीने आज पुढचा वाफा साफ केला. तास लागला. पूर्वी दहा मिनिटांत व्हायचा. पण केला, पूर्ण केला.
पूर्वेला सात मजली इमारत उभी राहिल्यापासून बागेत ऊन नाही. गुलाब गेले, मोगरा गेला. त्या सातही मजल्यांवर आता संगणकवाले राहतात, दिवसभर पडदे ओढून. ऊन त्यांनाही नकोच होतं, मग आमचं कशाला अडवलं? टिकलं ते एकच, शा.ने तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलेलं पट्टेरी गवत. अरुंद पातं, दोन्ही कडांना पिवळट पांढरी रेघ. सावलीत उजळ दिसतं. बाकी घरात उजळ असं काही उरलेलं नाही.

१७ जून, रविवार
प्रज्ञा आली, एकटीच. लेकीला आठवड्यातून एवढाच दिवस मिळतो, बाकी सगळं हिंजवडीला वाहिलेलं. जेवणं झाल्यावर विषय काढला. वाघोलीला एक निवास आहे म्हणे, आईसारख्या विसरणाऱ्यांसाठी. "बाबा, तुमचं वय एकोणसत्तर. उद्या तुम्हीच पडलात तर?"
डोकं फिरलं. या गवतात मधूनच बिनपट्ट्याची, नुसती हिरवी पाती फुटतात. ती जोरकस. मुळासकट काढली नाहीत तर वर्षा-दोन वर्षांत सगळा वाफा हिरवा. ते काढायचं काम शा.चं. म्हणालो, "तुझी आई त्या गवतातलं हिरवं बरोबर हुडकून काढते. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी खुशाल घेऊन जा."
टोमणा होता. पण पोरगी कॉम्प्युटरमधली. "ठीक आहे बाबा. ठरलं," म्हणाली.
तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत प्रत्येक शब्द जपून लिहिला. आणि स्वतःच्या घरात ही अक्कल.

२ जुलै
सकाळी त्रिशरण, पंचशील. शा. एक अक्षर चुकली नाही. मी चुकलो, तिने थांबवून सुधारलं. मग वंदना आटोपल्यावर मला विचारते, "आपण कोणत्या शाळेत असता?"
महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं तिने. म्हणालो, "तुमच्याच." खूश झाली. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.
वाफ्यात पाणी साचतंय. काळी माती. वाळू मिसळायला हवी, नाहीतर मुळं कुजतील.

९ ऑगस्ट
कुंपणाच्या भिंतीशी उपटलेल्या पात्यांचा ढीग. सगळी पट्टेरी. वाफ्यात हिरवी तशीच, ताठ.
विचारलं. "रोग पडलाय त्यांच्यावर. कडेने पांढरी पडलीत, दिसत नाही का?" वर्गातला आवाज.
एकेक जुडी परत लावली. धुण्याभांड्याच्या लताबाई दारातून बघत होत्या. "आजोबा, ताईस्नी सांगायला पायजे. आजींचं काय खरं न्हाय."
म्हटलं, तुम्ही भांडी बघा. उगाच बोललो. त्या बरोबर होत्या.

११ ऑगस्ट
प्रज्ञाचा फोन. "आई बाग करते?" "करते." "बरोबर करते?" "तुझ्यापेक्षा बरोबर." हसली.
परत लावलेल्यातल्या चार जुड्या गेल्या.

३० ऑगस्ट
शा. फाटक उघडून बाहेर गेली. मी दाढी करत होतो. आळंदी रस्त्याच्या दुभाजकावर सापडली. एका रिक्षावाल्याने हाताला धरून आणलं. म्हणाला, "मावशी पोरांना रांगेत उभं करत होत्या." पोरं कुठली. दोन्ही बाजूंनी ट्रक.
फाटकाला कुलूप घातलं. प्रज्ञाला कळवलं नाही. भीती वाटते. रस्त्याची जास्त की वाघोलीची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

१५ सप्टेंबर
गवताला जांभळे तुरे आले. आज शा.ने तीन हिरवी काढली. तिन्ही बरोबर! काल सगळं चुकली होती. परवा बरोबर. यात काही नियम सापडत नाही. मी मागच्या पानावर खुणा करून ठेवतो, त्यातूनही नाही.

२३ सप्टेंबर, रविवार
प्रज्ञा दहाला येणार होती. बघायलाच येणार होती. म्हणून सहाला उठून वाफ्यातलं सगळं हिरवं मीच काढून टाकलं. एक पातं ठेवलं नाही. म्हटलं, आता चुकायला जागाच नाही. स्वतःवर खूश होऊन चहा केला.
आली. वाफा बघून चेहरा फुलला. "आईने केलं?" मी मान डोलावली. मग तिने आईच्या हातात खुरपं दिलं. "आई, मला शिकव ना, कसं करतेस ते."
शा. पाटावर बसली. वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाळला. परत चाळला. काढायचं काही नव्हतंच. आणि शिकवायला तर सांगितलं होतं. तिने एक पट्टेरी जुडी मुळासकट उपटून लेकीच्या ओंजळीत ठेवली. मग दुसरी. मग तिसरी.
प्रज्ञा तिथेच मातीत बसून रडली. मग हळूच, "बाबा, तुम्हीच म्हणाला होतात."
हिरवं मी काढलं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर ढीग, कुलूप, दुभाजक सगळंच बोलावं लागलं असतं.

२६ सप्टेंबर
दोन हिरवी पाती ठेवली असती तर? तिने ती काढली असती? कदाचित. नसतीही. आता मला हे कधीच कळणार नाही. जेवण जात नाही.
लताबाईंनी भांडी घासता घासता विचारलं, "हिरवं तुमीच काढलं व्हतं न्हवं?" हो म्हणालो. त्यांनी हात धुतले. पोळी वाढून ठेवली.

६ ऑक्टोबर
प्रज्ञा अकराला गाडी घेऊन येते. शा.ची पिशवी भरली. दोन साड्या जास्त घातल्या, स्वेटर घातला. वाघोलीचा अर्ज टेबलावर. सगळं प्रज्ञाने भरलंय, फक्त नवऱ्याची सही राहिलीय.
सकाळी वाफ्यापाशी गेलो तर मधोमध एक हिरवं फुटलेलं. एकच. बोटभर. माझा हात गेला होता. मागे घेतला.
शा.ला बाहेर आणलं, पाट मांडला, हातात खुरपं दिलं. "यातलं हिरवं..." म्हणायला लागलो.
"अहो, मला नका शिकवू," म्हणाली. मला अहो म्हणून किती महिने झाले.
आत आलो. टेबलावरून खिडकीतून वाफा दिसतो. पडदा ओढून घेतला. पावणेअकरा. पेनाचं टोपण काढून ठेवलंय. बाहेर खुरप्याचा आवाज येतोय.