उलटा बसवलेला वायसर

॥ श्री ॥

बोरिवली, रविवार दुपार

अहो,

साष्टांग नमस्कार.

काल माल आणला. चामड्याचे वायसर एक डझन, सहा रुपये. स्टोव्हच्या पिना दोन पाकिटं, दीड रुपया. बर्नर एकच घेतला, चौदा सांगत होता, बारावर आणला. दुकानदाराने विचारलं, "आजी, काका नाही आले?" मी म्हटलं, "काका गेले. आता मीच." त्यावर त्याने दोन वायसर वरती फुकट टाकले. मी मुकाट्याने घेतले. तुम्ही असतात तर तिथल्या तिथे परत केले असतेत! काळजी नको, पुढच्या खेपेला त्याला कोकमाच्या आगळाची बाटली नेऊन देणार आहे.

पण पत्र लिहायचं कारण माल नव्हे. पिशवी घेऊन घरी येते तर दारात साळवीबाई उभ्या. समोरच्या गल्लीतल्या साळवी मास्तरांच्या पत्नी. मास्तरांना तुमचाच आजार निघालाय. हाडातला मगज रक्त करेनासा झालाय. डॉक्टरांनी सांगितलंय, मंगळवारी दाखल व्हा, रक्त चढवायलाच हवं. आणि मास्तर हटून बसलेत. "जन्मभर कुणाकडून खडूचा तुकडा फुकट घेतला नाही, आता परक्याचं रक्त घेऊ?" जेवणसुद्धा धड करत नाहीत म्हणे. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "शालिनीताई, तुमच्या ह्यांना तुम्ही कसं हो तयार केलंत? तेवढं सांगा मला."

काय सांगणार? मी कुठे तयार केलं होतं? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. लिहिताना सगळं ओळीने आठवेल, आणि मंगळवारच्या आत मला काही सुचेल. "मॅट्रिक झालेली बायको, आणि नवऱ्याला एक पत्र नाही," असं चिडवायचात ना? घ्या. उशिरा का होईना, आलं.

तो पहिला दिवस आठवतो का? कमरेच्या हाडात सुई घालून तपासणी केली, तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. मीच बाहेर बाकावर बसून रामरक्षा तीनदा चुकले. मग डॉक्टरांनी समजावलं, "आजोबा, हाडाच्या आत रक्ताचा कारखाना असतो. तुमचा बंद पडलाय." तुम्ही जन्मभर कारखान्यात फिटर. विचारता काय, तर "डॉक्टर, कामगारांचा संप की मालकाची टाळेबंदी?" डॉक्टर हसले. म्हणाले, "टाळेबंदी म्हणा." तुम्ही मान हलवलीत. "मग लवकर उघडायची नाही." मरण समोर बसलेलं असताना असं बोलणारा नवरा किती जणींना मिळतो हो?

एक राग मात्र अजून आहे. त्याआधी दोन महिने भर उन्हाळ्यात तुम्ही फुल बाह्यांचा शर्ट घालून वावरत होतात. मला वाटलं, म्हातारपणी हौस आली. आत दंडावर जांभळे डाग लपवले होतेत! मला कुणी विचारलं तर काय सांगायचं, की चाळीस वर्षांचा संसार आणि नवऱ्याचा दंड बघितला नाही?

मग मी बघायला लागले. रोज सकाळी हिरड्या, दंड, पोटऱ्या. पाणी उकळून, भाजी शिजवून, कच्चं काही नाही. वस्तरा बंद, ब्लेड बंद, दात बोटाने घासायचे. ज्याला सर्दी त्याला उंबऱ्याच्या बाहेरूनच चहा. भेटायला येणारा प्रत्येक जण बीट घेऊन यायचा. बीट खा, रक्त वाढतं! शेवटी तुम्हीच म्हणालात, "हेडक्लार्क, आणखी एक बीट आलं तर मी लाल पडून मरेन." हिशेब ठेवते म्हणून हेडक्लार्क. आता त्या नावाने मला कुणी हाक मारत नाही.

रक्तपेढीचा नियम साधा होता. एक बाटली न्यायची तर आपल्या माणसाने एक बाटली द्यायची. मी पहिल्यांदा हात पुढे केला. तिथली मुलगी म्हणते, "आजी, तुम्हालाच एक बाटली लागेल." आपली कुंदा रत्नागिरीहून धावत आली, तिच्याच अंगात रक्त कमी, तिला परत पाठवली. जावई परदेशी. तुम्ही आत अर्धवट शुद्धीत, आणि मी बाहेर देवाला सांगतेय, रवळनाथा, एवढं कर, नारळ देते. (तुमचं ऐकू आलंच मला, "देवाशीपण घासाघीस? निदान पाच तरी बोल!")

आणि देवाने पाठवलं कुणाला? गोराईच्या हिराबायला! इतकी वर्षं दारात मासळीची पाटी उतरवून आपल्याशी बांगड्यासाठी भांडणारी बाई. कुठून कळलं तिला, आपल्या थोरल्या पांडूला घेऊन आली. पेढीतल्या मुलीला म्हणते कशी, "घे गो बाय, ह्याचा काढ रगत. दिसतोय ना रेड्यासारका?"

तुम्ही घरी आलात, गालावर रंग आला, आणि कुणाचं रक्त ते कळल्यावर पहिला प्रश्न काय, तर "तिचं भांडं कसं परत करणार?"

हे साळवीबाईंना कळणार नाही, त्यांना नीट सांगावं लागेल. आपल्याकडे शेजारचं भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. वाटी आमटीची आली तर जाताना खीर, नाहीतर दोन आमसुलं, तेही नसेल तर चिमूटभर साखर. सासूबाईंनी तुम्हाला हे दुधाबरोबर पाजलेलं. मी म्हटलं, "हिराबायला साडी नेऊ." तुम्ही भडकलात. "रक्ताच्या बाटलीला साडी? रक्ताची बाटली परत द्यायची तर तीत काय घालून देणार तू? साखर?"

तीन आठवड्यांनी परत रक्त चढवायची तारीख आली आणि तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. राग आला की तुमची मालवणी सुरू व्हायची. "जां फेडूक जमाचां नाय, तां घेवचां नाय." फेडता येणार नाही ते घ्यायचं नाही, संपलं! मी रडले, भांडले, देवापुढे बसले, कुंदाने पत्रातून शपथ घातली. पायऱ्या चढताना तुम्हाला दम लागत होता, ओठ पांढरे पडले होते, तरी नाही म्हणजे नाही. तुमचा अभिमान मला तेव्हा शत्रू वाटला. खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी हिराबाय आली. पाटीत मासळी नाही, पंपाचा स्टोव्ह. धाडकन तुमच्या खाटेशी ठेवला.

"काका, रगत नको तर नको. माझा इस्टो तेवडा बघ. सकालपासून घरात चा नाय."

"मला हत्याराला हात लावायची बंदी आहे बाय. खरचटलं तर थांबत नाही."

"हात नको लावूस. तोंड तर चालतंय ना? बायकोला तर बरा बोलतोस दिवसभर. तोंडानं सांग, ही करेल."

ही म्हणजे मी! हातात पोळपाट-लाटण्याशिवाय काही न धरलेली. तुम्ही उशीला टेकून उठून बसलात. कितीतरी दिवसांनी उठलात तुम्ही. "पक्कड घे. ती नव्हे, लहान. पंपाचं टोपण डावीकडे फिरव. डावीकडे गं! मॅट्रिकला डावं-उजवं नव्हतं काय?" मी टोपण काढलं, दांडा ओढला. टोकाला चामड्याचा वायसर, छोट्या वाटीसारखा.

"वाटीचं तोंड कुठे आहे?" तुम्ही विचारलंत.

"माझ्याकडे. मुठीकडे."

तुम्ही मान पुढे काढून दांडा निरखलात. मग तुम्ही एकदा हिराबायकडे बघितलंत. ती छताकडे बघत होती.

"वाटीचं तोंड आत टाकीकडे पाहिजे," तुम्ही सावकाश म्हणालात. "तरच हवा धरतो. काढ, उलट कर, तेलाचं बोट लाव, बसव."

मी बसवला. काकडा पेटवून बर्नर तापवला, चार दट्टे मारले आणि निळी ज्योत सूं करून उठली. अहो, पोर झालं तेव्हा एवढी खूश झाले नसेन! तुम्ही हिराबायला म्हणालात, "जुना झाला होता गो. थकून पलटी खाल्ली त्याने."

"तेच मी पांडूला बोलली," ती म्हणाली, आणि स्टोव्ह उचलून चालती झाली. वळून सुद्धा बघितलं नाही.

ती गेल्यावर मी म्हटलं, "बरं झालं, आपोआप उलटला होता." तुम्ही इतके हसलात की मला भीती वाटली. "हेडक्लार्क, वायसर आपोआप उलटत नाही. स्क्रू काढून, उपसून, मुद्दाम फिरवून बसवावा लागतो. पांडू होडीच्या इंजिनावर काम करतो, त्याचंच काम ते. घरच्यांना सकाळपासून बिनचहाचं ठेवलंय बयेनं!" मग डोळे पुसलेत. हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, मी विचारलं नाही. "आता नाही म्हटलं तर उद्या घराचा दरवाजा बिघडवून आणील. टॅक्सी सांग."

असे तुम्ही तयार झालात. मी काही केलं नाही. मी फक्त पक्कड धरली.

त्यानंतरची दोन वर्षं! ज्याने ज्याने रक्त दिलं, त्याच्या घरचा स्टोव्ह आपल्याकडे. काही खरेच बिघडलेले, काही बिघडवून आणलेले, तुम्हाला बघताक्षणी कळायचं आणि तुम्ही तोंडावर काही दाखवायचा नाहीत. खाटेवरून तुमचं तोंड चालायचं, जमिनीवर बसून माझे हात. गल्लीतली पोरं म्हणायची, "आजी झकास मेकॅनिक!" गुरुवारी पोथी वाचताना बोटांना रॉकेलचा वास यायचा, मी दत्तगुरूंना सांगून ठेवलं होतं, समजून घ्या. नवीन वायसरचे पैसेसुद्धा तुम्ही घेऊ द्यायचा नाहीत, त्यावरून मी कुरकुरले. तुम्ही म्हणालात, "पांडूची बाटली वहीत कुठे मांडलीस? जमेला की उसनवारीला?" ते पान वहीत अजून कोरं आहे.

आणि शेवटचं दाखल होणं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, साळवीबाईंना सांगेन. रक्त चढवलं की दोन दिवसांत ओसरायचं. बाहेर पांडू आणि गल्लीतली मुलं बाह्या सरसावून उभी होती. तुम्ही डॉक्टरांना जवळ बोलावलंत. "माझ्यात आता टिकत नाही. ह्या पोरांचं घ्या, पण पलीकडच्या खाटेवरच्या मुलीला जुळत असेल तर तिला द्या." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला तुमचं पहिलं "नाही" आठवलं. तेव्हा मी भांडले होते. ते भिंतीकडे तोंड करून म्हटलेलं होतं. हे त्या मुलीकडे तोंड करून म्हटलेलं होतं. मी हात जोडले. पांडूचं तिला जुळलं, तिच्या आईने माझ्या पायाला हात लावला. चुकीच्या पायाला हो! पाय तुमचे होते.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, "काही मागे ठेवलं नाही माणसाने." मी मनात म्हटलं, ठेवतील कसे? फिटर होते.

देवळात, बाजारात, कुठेही कुणी "अरेरे, बिचारे किती भोगले" म्हणालं की मला राग येतो. बिचारे कोण? मी मान वर करून सांगते, आमचे हे घेतानाही ताठ होते आणि देतानाही.

तर असं ठरवलंय. मास्तरांना स्टोव्ह नेऊन उपयोग नाही, त्यांच्या हातून चहासुद्धा उतू जातो. पण गणित? जन्मभर तेच शिकवलंय त्यांनी. गल्लीतल्या अर्ध्या पोरांना गणिताने छळलंय. हिराबायशी सकाळीच बोलले. "नातवाला पाठवते," म्हणाली. मी म्हटलं, "मुद्दाम चुका करायला शिकव त्याला." तर म्हणते, "शिकवायचं काय गो त्यात? तो खराच नापास हाय!" पांडू मंगळवारी रक्त द्यायला तयार आहे. राहिले मास्तर.

मी उद्या सकाळी पूजा आटोपून त्यांच्याकडे जाणार. तुम्हाला वचन देते, रडणार नाही, शपथा घालणार नाही, बीट नेणार नाही. भिंतीकडे तोंड केलेला माणूस उठून बसेपर्यंत त्यांच्या खाटेशी बसेन, आणि मास्तर मंगळवारी टॅक्सीत बसल्याशिवाय घरी येणार नाही.

फक्त एक अडचण आहे. हिराबायसारखं धाडकन बोलणं मला जमत नाही, आणि मास्तर पडले शिकलेले. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलू? बाकीचं मी निभावेन. तेवढं एक वाक्य उलट टपाली कळवा. उद्या सकाळच्या आत.

वाट बघते.

तुमची,
शालिनी
(हेडक्लार्क)