मामांच्या फेट्याचं राहिलेलं काम

तीर्थस्वरूप उद्धवमामांच्या चरणी भाचा गोरक्ष याचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इकडे बरे आहोत. तुमचा गुडघा आणि दुर्गामामींचा दमा कसा आहे, ते कळवावं. (तुमच्या तांबड्या गाईला कालवड झाली की खोंड, असं आई विचारते. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून ते अजून कळलेलं नाही.)

तुमच्या लाडक्या भाचीच्या, पुनमच्या साखरपुड्यातून तुम्ही न जेवता निघून गेलात, त्याबद्दल हे पत्र. तळवड्याच्या कंपनीत मी नेमकं काय करतो, हे तुम्ही अनेकदा विचारलंत आणि दरवेळी मी "कॉम्प्युटरचं" म्हणून वेळ मारून नेली. आज ते सांगितल्याशिवाय खुलासा होणार नाही. संगणकाच्या अगदी पोटात कर्नेल नावाचा प्रोग्राम असतो. डिस्कवर फायली कशा ठेवायच्या, कशा पुसायच्या, हे तो बघतो आणि त्याचा तेवढाच भाग मी लिहितो. आता फाइल पुसणं म्हणजे एकच काम नव्हे. तिचं नाव काढायचं, तिनं अडवलेली जागा मोकळी करायची, ती जागा मोकळ्या जागांच्या यादीत लिहायची. सगळं एका दमात करू गेलं, तर दुसऱ्या कुणी मध्ये हात घालू नये म्हणून इतक्या गोष्टींना एकदम कुलपं लावावी लागतात, की दोन कामं एकमेकांचं कुलूप उघडायची वाट बघत कायमची उभी राहतात. (आपल्या बांधाच्या खटल्यात झालं तसं.) म्हणून मुख्य काम आम्ही आधी पक्कं करतो आणि उरलेलं मागे ठेवतो. पण मागे ठेवताना "हे राहिलंय" अशी नोंदही त्याच वेळी पक्की करतो. मग मध्येच वीज गेली तरी बिघडत नाही. मशीन पुन्हा उठलं की आधी नोंद बघतं, राहिलेलं पुरं करतं आणि मगच कुणाला आत घेतं.

साखरपुड्यात मी हीच पद्धत वापरली. सोयऱ्यांचं वऱ्हाड एकदम उतरलं आणि फेटे बांधायला अर्जुनराव एकटे. सगळ्यांचे फेटे होईपर्यंत थांबलो असतो तर मुहूर्त टळला असता. म्हणून मी ठरवलं, आधी सोयऱ्यांचे फेटे, मग ओटी, साखर, अंगठ्या आणि आपल्याकडचे फेटे मागून. तुम्हाला खुर्चीत बसवून "मामा, तुमचा आलाच" म्हणालो आणि तुम्ही विश्वासानं टोपी काढून मांडीवर ठेवलीत. ती टोपी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

अंगठ्या झाल्या आणि कंपनीतून फोन आला, की चाचणीचं मशीन वीज जाऊन परत उठलंय, पण मागे ठेवलेली कामं पार विसरलंय. मी तसाच गाडीवर बसून तळवड्याला. तुमच्या फेट्याची नोंद फक्त माझ्या डोक्यात होती आणि डोकं माझ्याबरोबर गेलं. अर्जुनरावांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी सोयऱ्यांच्या ड्रायव्हरलासुद्धा फेटा बांधला, पिशवी आवरली आणि पिंपळे सौदागरच्या दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. तुम्ही पंगत बसेपर्यंत उघड्या डोक्यानं थांबलात. मग टोपी घातलीत, "आमचं डोस्कं मोजायचं ऱ्हायलं वाटतं," एवढंच आईला म्हणालात आणि चालू लागलात.

कंपनीतली चूक मला लगेच सापडली. काम मागे ठेवताना कुणीतरी नोंदच केली नव्हती. असला निष्काळजीपणा माणूस करतोच कसा, यावर मी सगळ्यांसमोर बरंच बोललो. नंतर बघितलं तर तो भाग मीच लिहिलेला. (साहेबांनी पडद्यावर माझं नाव सगळ्यांना दाखवलं. चारचौघांत मान खाली गेली की काय वाटतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.)

लग्न आता तोंडावर आलंय. मामानं हात धरून आणल्याशिवाय बोहल्यावर पाऊल ठेवणार नाही, असं पुनमनं सांगून टाकलंय. भावकीतल्या सोपानरावांना मामाच्या जागी उभं करू, असं मी सुचवून बघितलं. तेव्हापासून ती मला वाढत नाही, ताट समोर आपटते. तिचंही बरोबर आहे. बाबा गेल्यावर तिला पहिल्या दिवशी शाळेत तुम्ही नेलंत आणि ती रडते म्हणून शाळा सुटेपर्यंत फाटकापाशी बसून राहिलात. त्या माणसाला मी "मागून" म्हणालो. मामा, मला फार लाज वाटते. माफ करा.

मामींना नमस्कार. वासरू जे असेल त्याला आशीर्वाद.

तुमचा भाचा,
गोरक्ष

ता. क. : हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, हे ध्यानात आलंच असेल. ते देणारे गृहस्थ म्हणजेच अर्जुनराव. पिशवीत तुमचा फेटा आहे. राहिलेलं काम आधी, बाकी सगळं नंतर. तेव्हा कृपया टोपी काढावी.

दुसरा ता. क. : हे तुमच्या दारात पोचल्यावर लिहितोय. मागे रिक्षात पुनम आहे. तुम्हाला काय काय बोलायचं ते घोकून निघाली होती, पण चाकणच्या चौकापासून नुसती रडतेय. तिला आत घ्या.

तिसरा ता. क. : कंपनीचा फोन घरी ठेवून आलोय. मी तुमच्या फाटकापाशी बसलोय. तुम्ही हाक मारेपर्यंत बसेन.