सल्लामसलतीसाठी माहेरी

तीर्थरूप आत्यास,

परमुलखात देशाची अब्रू सांभाळणाऱ्या तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा पहाटे फिरायला जाण्याचा निश्चय अजून निश्चयच आहे का? इकडे आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे मी सुखरूप आहे आणि तुझी सूनही, पण वेगवेगळे. ते का, हे ओघात येईलच. (तू लगेच शेवटचं पान उलटशील, ठाऊक आहे मला. उलटू नकोस.)

तू विचारलंस, वकिलातीत दिवसभर करतोस तरी काय? लोकांना वाटतं आम्ही झेंड्याच्या गाडीतून मिरवतो. झेंडा साहेबांच्या गाडीला. माझ्या वाट्याला पासपोर्ट हरवलेले प्रवासी, आणि ‘नाही’ न म्हणणं. आमच्या खात्यात ‘नाही’ कुणी म्हणत नाही, ‘विचार चालू आहे’ म्हणतात. चुकलं तर माफी मागत नाहीत, खेद व्यक्त करतात. माफी मागितली की चूक कबूल झाली. खेद काय, हवा बिघडली तरी वाटतो. ही गंमत लग्नानंतर मी तिला मोठ्या हौसेने शिकवली होती. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा!

तर परवाच्या शनिवारी आमच्या घरी बारा माणसांचं जेवण होतं. (साहेबांच्या बंगल्यात रंगकाम निघालं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.) ऐनवेळी आचारी आजारी पडला, तेव्हा सगळा स्वयंपाक तिनेच केला. मी काय केलं म्हणशील, तर कुणी कुठे बसायचं याचा नकाशा काढला. हसू नकोस. मानाचा क्रम चुकला तर लोक ताटावरून उठतात. पहिल्या पंगतीवरून रुसणारे व्याही तू पाहिलेच आहेस. हे तसेच, फक्त टाय बांधलेले. त्यातून दोन पाहुणे अशा देशांचे, की त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नाही. दोघांच्या मध्ये मी हातभर उंच फुलदाणी ठेवली. बसल्याबरोबर त्यांनी ती बाजूला सरकवली आणि एकमेकांच्या मधुमेहाची चौकशी सुरू केली. माझा नकाशा काय लायकीचा आहे, हे मला तिथेच कळायला हवं होतं. एवढ्यात एक राजदूत उशिरा आले, ते न कळवता बहिणीला घेऊन. खुर्च्या बाराच. (स्वयंपाकघरात स्टूल होतं, ते मला दुसऱ्या दिवशी आठवलं.) नियम असा, की सर्वांत कनिष्ठाने उठावं. मी मनात नकाशा उघडला आणि आत्या, कसं सांगू, मी तिलाच डोळ्यांनी खुणावलं. दिवसभर ओट्यापाशी उभी राहून जेमतेम टेकलेली ती हसत उठली आणि आत जाऊन जेवली. तसलं हसू मी कचेरीत पाहिलं आहे. त्यानंतर देश आपापले राजदूत ‘सल्लामसलतीसाठी’ परत बोलावतात.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, झाल्या प्रकाराबद्दल मला खेद आहे. ती म्हणाली, ‘नोंद घेतली.’ तेव्हापासून घरात संबंध औपचारिक आहेत. टेबलाच्या मधोमध फुलदाणी असते, तीच ती उंच. काल तिने बॅग काढली. विचारलं तर म्हणते, ‘सल्लामसलतीसाठी माहेरी जातेय. परत यायचं की कसं, विचार चालू आहे.’ आत्या, माझ्या तोंडचं पाणी पळालंय. तिच्याशिवाय मला या परक्या गावात करमायचं नाही. हे तिला सांगायला जातो आणि तोंड उघडलं की खात्याची भाषा बाहेर पडते.

बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. गुडघ्यांची चौकशी मनापासून होती, पण खरं काम असं: आमचं लग्न तू जमवलंस, ती तुझा शब्द मोडत नाही. तिला फोन करून सांग, चूक माझी होती, उठायला मी हवं होतं, आणि मी माफी मागतो. खेद नव्हे, माफी.

ता. क. २. पाकीट चिकटवायला डिंक हवा. तो तिच्या कपाटात आहे आणि मागायची सोय नाही. म्हणून पत्र उघडंच फुलदाणीला टेकवून ठेवतो. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही, तेवढीच एक काळजी आहे.

ता. क. ३. आत्याबाई, अक्षर बदललं म्हणून गोंधळू नका, मी तुमची सून. वाचलं. बॅगेत नुसती उशी आहे. पण यांना एवढ्यात काही कळवू नका. रोज सकाळी चहा करतात, भांडी घासतात, आणि आज संध्याकाळी नवी खुर्ची खांद्यावर घेऊन जिना चढत आले. अजून पडदे धुवायचे राहिलेत. तेवढे होईपर्यंत विचार चालू राहू दे. डिंक मी लावते.