दोन्ही बाजूंना सारखंच

सातपूर, नाशिक
२० मे २०२५

ती. सरोजिनीआत्यास,
वल्लरीचा सा. न. वि. वि.

आठवीचं बीजगणित डोक्यात शिरेपर्यंत पप्पांनी मोबाईल काढून घेतलाय, म्हणून हे पत्र. तुझ्या वडलांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, कहर केलाय. मला शिकवता शिकवता त्यांनी पुस्तकात वाचलं की समीकरणाच्या एका बाजूला जे कराल तेच दुसऱ्या बाजूला करायचं. झालं! म्हणाले, जन्मभर हेच शोधत होतो. आमचं घर डावी बाजू, शेजारचं धनराजकाकांचं उजवी, मधली भिंत म्हणजे बरोबरचं चिन्ह. आता दोघा भावांपैकी कुणी कुरकुर करायची नाही.

आधी मजा वाटली. काकांकडे कूलर आला, लगेच आमच्याकडेही आला. मग मम्मीनं भोपळा केला तर काकूलाही करावा लागला. बिचारीला तो बघवत नाही. परवा काकांची अक्कलदाढ काढली, तर आण्णा पप्पांनाही घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले दाढ ठणठणीत आहे. आण्णा म्हणाले, प्रश्न दाढेचा नाही, समानतेचा आहे. डॉक्टरांनीच हाकलून दिलं म्हणून पप्पा वाचले. तरी दोन दिवस गालाला रुमाल बांधून फिरावं लागलंच.

आता मात्र रडू येतंय. काका त्यांच्या स्वरदाला पुण्याला होस्टेलवर ठेवणार, तिला हौसच आहे. म्हणून मीही जायचं! मला नाही गं जायचं घर सोडून. मम्मी भांडली, पण पप्पा आण्णांपुढे तोंड उघडत नाहीत; उघडलं ते फक्त दाढेसाठी. पेटीसुद्धा आणलीये. काहीतरी कर.

लोभ आहेच, त्यात थोडी घाई मिसळ.
तुझी वल्लरी


दिंडोरी
२४ मे २०२५

चि. वल्लरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रडूबाई, डोळे पूस. पत्र वाचून इतकी हसले की सासूबाई पाणी घेऊन धावल्या. अगं, लहानपणी धनराजला गोवर आला तेव्हाही आण्णांनी तुझ्या बापाला मुद्दाम त्याच्याशेजारी झोपवलं होतं. पुस्तक आता मिळालं, खोड जुनीच आहे.

त्यांच्याशी वाद घालू नकोस. महिन्यातले पंधरा दिवस ते तुमच्याकडे जेवतात, पंधरा दिवस काकांकडे. म्हणजे आण्णा हे पद दोन्ही बाजूंना आहे. दोन्हीकडून तेच पद वजा केलं तर समानता बिघडत नाही. एवढं त्यांना नीट मांडून दाखव. १ जूनला, रविवारी, गाडी घेऊन येते आणि त्यांना इकडे नेते. ते इथे आल्यावर होस्टेलचा हुकूम कोण चालवतो तेच बघू.

मम्मीला नमस्कार, बापाच्या दाढेला दीर्घायुष्य. जीव लावतेस तसाच लाव.
तुझी आत्या, सरोजिनी


सातपूर, नाशिक
६ जून २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं मांडलं, तेव्हा वाटलं होतं आण्णा चिडतील. त्यांनी दोनदा तपासलं, मला शाबासकी दिली आणि उठून स्वतःची पिशवी भरायला लागले. तुमची गाडी वळली तशी मम्मीनं पेटी माळ्यावर टाकली. माझं होस्टेल रद्द.

पण पुढचं ऐक. पप्पा रोज संध्याकाळी आण्णांच्या खुर्चीजवळ चहा ठेवतात आणि निवला की स्वतःच पितात. स्वरदा म्हणते, काकांचंही तेच चाललंय. काल मम्मी भाजी निवडता निवडता रडायला लागली, तर भिंतीपलीकडे काकूचं मुसमुसणं ऐकू आलं. दोन्ही बाजूंना सारखंच झालंय गं, आणि या वेळी कुणी करायला सांगितलं नव्हतं.

उत्तर बरोबर आलंय आणि मला जेवण जात नाही. आत्या, आण्णांना परत पाठव. पेटी मी माळ्यावरून काढलीये. ते म्हणतील तर मी पुण्याला जाते.

हट्टी आहे म्हणून माया कमी करू नकोस.
तुझी वल्लरी