डकोटाची उजवी बाजू

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१२ मार्च २०२५

सत्यजीत भावोजींना,
सप्रेम नमस्कार.

नाशिकची थंडी ओसरली असेल. इथे मार्चमध्येच पंखा पाचवर गेला आहे. आमचा वरद पुण्यातच आहे, त्याची आभा आता तिसरीत जाईल. पुढचे दोन दात पडलेत, तरी बोलणं थांबत नाही.

फोन न करता पत्र का, असं वाटलं असेल. माझा फोन दिवसभर डायनिंग टेबलावर असतो, आणि त्या टेबलावर कोण बसलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं की दोन दिवस घरात कुणी धड बोलत नाही. अजूनही. विमानांच्या मॉडेलच्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "अविनाश, रेष वाकडी गेलीय, एकदा डॉक्टरला हात दाखव." ते काळजीनं म्हणालात, हे मला तेव्हाच कळलं होतं. यांनाही कळलं असणार. म्हणून तर इतकं लागलं.

तुमचं म्हणणं खरं ठरलं हेही सांगून टाकते. कंपवात निघाला. पण गोळ्यांचा चांगला गुण आला आहे आणि हे पुन्हा मॉडेल करायला बसतात. डकोटा काढलाय. विमानतळावरच्या नोकरीत असताना तुम्ही दोघांनी मिळून घेतलेला तो खोका, "रिटायर झाल्यावर करू" म्हणून माळ्यावर टाकलेला. वीतभर लांबीचं विमान आणि त्यात वैमानिकाच्या सीटला पट्टे, पट्ट्याला बक्कल! फोटो सोबत ठेवला आहे. यांना सांगितलेलं नाही.

यांना काही शंका आहेत, पण तुम्हाला विचारायचं म्हणजे अभिमान आडवा येतो. म्हणून मी विचारते. कॉकपिटच्या काचेवर चौकट रंगवताना रंग काचेवर गेला तर तो कसा काढायचा? पत्र्याच्या खाचांत पातळ काळा रंग सोडतात, तो वरून पुसायचा तो लगेच की वाळल्यावर? आणि सीटचे पट्टे आम्ही गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीचे कापतो, ती कडेला फाटते. तेव्हा ब्लेड चुकतंय की हात?

उत्तर किशोरीच्या नावानं पाठवा, पत्ता मागे लिहिला आहे. किशोरी म्हणजे समोरच्या फ्लॅटमधली, माझ्याकडे शिवण शिकलेली. पत्र यांच्या हाती पडलं तर प्रश्न मी विचारले हे कळेल आणि ते बरं दिसणार नाही.

आपली,
सुमती


खांदा कॉलनी
६ एप्रिल

सत्यजीत भावोजी,

नमस्कार. तुमचं पत्र किशोरीनं पिठाच्या डब्यात घालून आणून दिलं. तिला यात भारी मजा वाटते आहे. "काकू, या वयात चिठ्ठ्या?" म्हणाली. मी हसले, आणि घरात येऊन पत्र उघडल्यावर हसू गेलं.

तुम्ही सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीत. काचेला थिनर लावू नये, धुरकट होते. रंग वाळू द्यावा आणि दात कोरायच्या लाकडी काडीनं हलक्या हातानं खरवडावा. कळलं. पण शेवटी लिहिलंत, "वहिनी, हे प्रश्न अविनाशचे नाहीत. मला हे सगळं त्यानंच शिकवलं. फोटोत पंखावरचा काळा रंग आडवा पुसलाय, ओटा पुसतात तसा. अविनाश जन्मात असं करणार नाही. तो पुढून मागे पुसतो, उडताना हवा वाहते त्या दिशेनं. मॉडेल कोण करतंय?"

मी करते आहे.

लिहिलं एकदाचं. आता बाकीचंही लिहिते.

गणपतीनंतरची गोष्ट. एका दुपारी हे कॉकपिटच्या चौकटी रंगवत होते. माझं पिको चाललं होतं, त्यामुळे पाठ होती. मशीन थांबवलं तेव्हा लक्षात आलं की यांचा आवाज नाही. एरवी काम करताना पुटपुटतात. वळून पाहिलं तर ब्रश खाली ठेवलेला आणि हे नुसते बघत बसलेले. नंतर विमानावर फडकं टाकलं आणि जाऊन आडवे झाले. मी फडकं उचललं. काचेवर रंग असा गेला होता, जसा लहान मूल पाटीवर खडू फिरवतं. भावोजी, मी जन्मभर फॉल लावले, काज केली. माझा हात सरळ चालतो. मी नखानं, सुईच्या मागच्या टोकानं तो रंग काढला आणि चौकटी पुन्हा रंगवल्या. ब्रश होता तसा ठेवला, फडकं होतं तसं टाकलं.

उठल्यावर यांनी विमान खिडकीशी नेलं. बराच वेळ बघितलं. मग हाक मारली, "अगं, ये बघ! वाळल्यावर सरळ झाली रेष. ओला असताना रंग फसवतो." त्या संध्याकाळी जेवणात दोन पोळ्या जास्त घेतल्या. कितीतरी दिवसांनी खाली उतरून कट्ट्यावरच्या लोकांत बसले. तुम्ही माझ्या जागी असता तर काय बोलला असता?

मग ते चालूच राहिलं. दुपारी हे झोपले की मी बसायची. सीटचे पट्टे, दाराची कड, खिडक्या. उठल्यावर हे खूश. एवढंच असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता.

फेब्रुवारीत तपासणीला गेलो तेव्हा यांनी डकोटा चपलांच्या खोक्यात कापूस घालून बरोबर घेतला. डॉक्टरांपुढे ठेवला. "हात कसा आहे विचारता ना? हे बघा." डॉक्टर भिंग मागवून घेऊन बघत बसले. म्हणाले, मग गोळी आहे तेवढीच ठेवू, वाढवायला नको. गाडीचं यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "जवळपास, सावकाश, कुणाला तरी शेजारी बसवून चालवून बघा." यांना ऐकू आलं ते एवढंच, की चालवा. मी शेजारच्या खुर्चीवर पर्स धरून बसले होते.

गेल्या रविवारी पळस्प्यापर्यंत जाऊन आलो. जाताना ठीक होतं. परत फिरताना, जिथे गोव्याचा रस्ता फुटतो तिथे, गिअर टाकायला यांनी हात नेला आणि तो दांड्यावर बसेचना. दोनदा बाजूला पडला. हे खाली बघायला लागले आणि गाडी आपली सरकत ट्रकच्या लेनमध्ये. टेम्पोवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. बाजूला येऊन ओरडला, "ओ आजोबा, घरचे नाय का तुमाला? मागं ट्रक हाय, दिसत नाय?" यांनी काच वर केली. म्हणाले, "आंधळ्यासारखे चालवतात हल्ली." घरी आल्यावर चहा घेतला आणि वरदला फोन लावला. मे महिन्यात आभाला पाठव, मी तिला माझ्या गाडीनं मुरूडला नेतो, समुद्र दाखवतो. तिला फोनवर पुढच्या सीटचं कबूल केलंय. ती ओरडली ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

वरदला सांगायला गेले. म्हणाला, "आई, तू उगाच घाबरतेस. बाबांनी मला डकोटाचा फोटो पाठवला. इतकं बारीक काम करणारा माणूस गाडी चालवू शकत नाही का?"

म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही या. राग धरू नका आणि या. ते विमान हातात घ्या आणि म्हणा की हे तुझं काम नाही. तुम्हाला पाच मिनिटं लागतील. दुसऱ्या कुणाचं ते ऐकणार नाहीत. मी सांगितलं तर काय होईल हे मला माहीत नाही असं नाही. ते मॉडेल करायचं सोडतील. आणि त्या टेबलावर दुसरं काय ठेवायचं, हे मला सुचत नाही.

आभा अकरा मेला येते आहे.

सुमती


खांदा कॉलनी
१८ मे

सत्यजीत भावोजी,

नमस्कार.

तुम्ही येत नाही म्हणून कळवलंत तेव्हा फार राग आला होता. "एकदा मी रेष दाखवली आणि मित्र गेला. आता वहिनी, तुम्ही ब्रश दाखवा." वाचून पत्र फाडलं. मग वाटलं, मी तुम्हाला बोलवत होते ते यांच्यासाठी नाही. माझ्यासाठी.

एका दुपारी हे झोपल्यावर नेहमीसारखी बसले. यांचं ते डोक्याला बांधायचं भिंग लावलं. मागच्या छोट्या खिडकीची कड वाकडी गेली होती, ती घेतली. पलंग करकरला. रोज त्या आवाजाला मी ब्रश ठेवून उठते. त्या दिवशी उठले नाही. पाय उठायला बघत होते, पण बसून राहिले.

"चहा टाकतेस का जरा," म्हणत बाहेर आले आणि थांबले.

मी मान वर केली नाही. भिंगातून फक्त खिडकी दिसत होती.

"ब्रश फार मागे धरलायस," म्हणाले.

मग खुर्ची ओढून समोर बसले. "कधीपासून?"

"गणपतीपासून."

"ही चौकट?"

"माझी."

"पट्टे?"

"तेही."

"पंखावरची ती आडवी पुसापुशी?"

"माझीच."

"तरीच. म्हटलं मी असं कधी केलं? वाटलं, गोळ्यांनी डोकं पण चाललंय." मग म्हणाले, "चाकं?"

"चाकं तुमची."

"नक्की?"

"आभाची शपथ."

चाकं खरंच यांची आहेत, भावोजी. माझ्या मशीनला बॉबिन भरायचा जो दांडा असतो, त्यावर चाक बसवून फिरवलं आणि ब्रश नुसता टेकवून ठेवला. हात हलला तरी गोल बिघडत नाही. युक्ती यांचीच. यांनी विमान उलटं केलं आणि बोटानं एक चाक फिरवत बसले.

"डॉक्टरांपुढे मी हे ठेवलं, सुमती."

"हो."

"आणि तू शेजारी बसली होतीस."

"होते."

आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर आमच्या घरात फक्त मिक्सर बोलत होता. हे जेवायचे, ताट उचलून ठेवायचे, टेबलावर जाऊन बसायचे. काडीनं खरवडल्याचा आवाज यायचा. मी पिको मशीनवर पाठ करून बसायची, आता मुद्दाम. दुपारी झोपेनात. मी विचारलं, काय करताय? हे खरवडतच राहिले. शेवटी ते अंघोळीला गेले तेव्हा मी पाहिलं. उजव्या बाजूचा माझा सगळा रंग यांनी काढला होता आणि स्वतःच्या हातानं पुन्हा चौकटी घातल्या होत्या. डावीकडे माझ्या सरळ रेषा, उजवीकडे यांच्या. भावोजी, त्या फार वाकड्या आहेत. मी हात लावला नाही. फडकं टाकलं आणि भाजी चिरायला बसले.

आभा यायच्या आदल्या दिवशी वरदला फोन केला. मी ऐकत होते. "अरे, गाडीची बॅटरी बसलीय. तूच ये तिला घेऊन, दोन दिवस रजा टाक. मुरूडला तूच चालव." वरद म्हणाला असणार की बॅटरी बदलून घ्या, कारण हे म्हणाले, "नको. राहू दे आता."

बॅटरी चांगली आहे. आमच्या घरात हे एक खोटं आता यांचं आहे, ते मी सांभाळीन.

मुरूडला जाऊन आलो. आभा पुढे बसली, हे मागे माझ्याशेजारी. पळस्प्याला गाडी वळली तेव्हा यांनी हात मांडीखाली दाबून ठेवला होता. मी खिडकीबाहेर बघितलं.

डकोटा शोकेसमध्ये ठेवलाय, उजवी बाजू बाहेर करून. आभानं काचेला नाक लावून विचारलं, "आजोबा, ह्या रेषा अशा कुणी काढल्या?" हे म्हणाले, "मी." ती म्हणाली, "मला पण शिकवा." त्यावर उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत.

येत्या मंगळवारी डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. मी येऊ का विचारलं तर नको म्हणाले. खोकं नेणार नाहीत. तिथे काय सांगतील, सांगतील की नाही, मला ठाऊक नाही. टेबल सध्या मोकळं आहे. मी त्यावर लसूण सोलते. गाडीची चावी डकोटाच्या मागे, शोकेसच्या कोपऱ्यात आहे. मी ठेवलेली नाही.

काल जेवताना अचानक म्हणाले, "सत्याला फोटो पाठव. दोन्ही बाजूंचे." मी म्हटलं, पाठवते, काढते उद्या. तर म्हणाले, "तू नको."

सोबत दोन फोटो आहेत. या वेळी यांनी काढलेत, म्हणून हललेले आले आहेत. तसेच बघा.

तुमची वहिनी,
सुमती