निम्मं टेबल

१२ जुलै
दुपारी पार्सल आलं. रूपालीच्या नावाचं. उघडलं तर कप. कपावर सुन्याच्या कार्टूनमधला नाना, घोंगडं पांघरून, खाली "बघू की निवांत".
"तुमच्या दोस्ताचाच हाय की. मागवला," बायको म्हणाली. आनंदाने.
चहा त्यातनंच दिला. प्यायलो. काय करणार.

१४ जुलै
सुनील म्हणजे सुन्या, शिराळ्याचा. सांगलीत चित्रकलेच्या डिप्लोमाला दोन वर्षं शेजारी बसायचा. सर माझी चित्रं भिंतीवर लावायचे. याला हाताचा पंजा जमायचा नाही, म्हणून नाना कायम घोंगड्यात. लोकांना वाटतं स्टाईल आहे.
आता त्या नानाचे टी-शर्ट, किचेन, पिशव्या, स्टिकर. नागपंचमीसाठी नवीन स्टिकर काढलाय, नाग म्हणतोय "यंदा मी घरीच हाय". आमच्या स्टाफरूममध्ये दोघांच्या मोबाईलवर चिकटलाय.
जोशीबाई म्हणाल्या, "सर, तुम्ही ओळखता यांना?"
म्हटलं, थोडंफार.

१७ जुलै
माझ्या कॉमिकचं नवीन पान टाकलं. आटपाडीकडची मेंढपाळ पोर आणि लांडगा. माळावरचं गवत एकेक पात्याने काढलंय. पाठ धरली.
कमेंट : "अप्रतिम सर." "वा." हात जोडलेले.
पोस्टर विकायला ठेवलीत, ती लिंक कुणी उघडतसुद्धा नसेल. पलंगाखाली गठ्ठा तसाच. रूपाली झाडू मारताना दर वेळी सरकवते, बोलत काही नाही. बोलली असती तर बरं.

२१ जुलै
सु.चा फोन. सांगलीत हस्तकलेच्या प्रदर्शनात स्टॉल घेतलाय. "टेबल लय मोठं हाय रं. निम्मं तुझं. पोस्टर घेऊन ये."
दया आली का माझी? म्हटलं, बघतो.
रु. मागून : "बघतो काय? जाऊया की!"

२७ जुलै, सांगली
लिहू नये असं वाटतंय. लिहितो.
सकाळपासून त्याच्या बाजूला रांग. माणसं शर्ट घ्यायला येतच नव्हती, त्याला भेटायला येत होती. कुंडलच्या एक मावशी भाकरी-ठेचा बांधून घेऊन आल्या. म्हणाल्या, "माझा ल्योक फौजेत हाय. ट्रंकेवर तुमचा नाना चिकटवलाय. सुट्टीत आला की आमी दोघं मिळून बगतो." सुन्या उठून पाया पडला. डोळे ओले. खोटं नव्हतं, हेच जास्त लागलं.
माझ्याकडे एक गृहस्थ आले. लांडगा निरखून बघितला. मग, "नाना कुठं हायत?"
शेजारी, म्हटलं.
रु. केव्हाच त्याच्या बाजूला गेली होती. शर्ट काढून दे, माप बघ, पिशवी भर. हसत होती. घरी असं हसत नाही. की मी वर बघत नाही?
तीनच्या सुमारास सुन्या चहाला गेला. एक कॉलेजची पोरगी, हातात दोन शर्ट, निळा घेऊ का मातकट. मला विचारलं, "काका, कुठला चांगला आहे?"
मी म्हटलं, "दोन्हीचा रंग जातो. पहिल्या धुण्यातच."
तिने दोन्ही खाली ठेवले. गेली.
रु.ने ऐकलं.

२८ जुलै
एसटीने परत. कराड मागे पडल्यावर म्हणाली, "मी तोच शर्ट घेतलाय. तीनदा धुतलाय. कुठं गेलाय रंग?"
मग तीच पुढे :
"आवं, त्याचं बघितलं की मला माझं आण्णा आठवत्यात. हसू येतं. तुमचं बघितलं की तुमी आठवता. वाकून बसलेलं. हाक मारली की वसकन अंगावर येणारं."
शर्ट घेतल्याचं मला माहीतच नव्हतं. मी घरात नसताना घालते.

१ ऑगस्ट
कारण काढून शिराळ्याला गेलो. उरलेली पोस्टर त्याच्याकडे राहिली होती.
खोलीभर खोकी. सुन्याची आई शर्टाच्या घड्या घालतेय, हा प्रत्येक पार्सलवर पेनाने दोन ओळी लिहितोय. "ताई, पाय बरा झाला का?" वगैरे. लोकांचं सगळं लक्षात ठेवतो. मला माझ्या वाचकांतलं एकाचंही नाव सांगता येणार नाही.
मग म्हणाला, "दोन वर्षं नानाशिवाय काय काढलं न्हाई गड्या. काढाय गेलो की म्हणत्यात, नाना कुठाय. तुझं बरं हाय, तुला पायजे ते काढतोस."
मला बरं वाटलं. त्याचं वाईट ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.
निघताना मोबाईल पुढे केला. त्या पोरीने त्याच्या पोस्टखाली लिहिलंय : स्टॉलवरच्यांनीच मला सांगितलं की रंग जातो. खाली लोक विचारतायत, खरंय का? काहींनी मागवलेले शर्ट नको म्हणून कळवलंय.
हळूच म्हणाला, "स्टॉलवर आपण तिघंच. वहिनी चेष्टेत काय बोलल्या आसतील का रं?"
मी काय करायला हवं होतं? "न्हाई" म्हणायचं आणि खरं काय ते सांगायचं.
मी म्हटलं, "विचारतो."

३ ऑगस्ट
विचारतो म्हणे.
दोन दिवस पेन्सिल धरवत नाही. सु.ने रु.ला मेसेज केलाय, पुढच्या रविवारी जेवायला येतो. तिला वाटतंय सहज येतोय. पुरणाची डाळ आणायला सांगितलीय मला.

९ ऑगस्ट
अखेर संध्याकाळी सांगितलं तिला. शिराळ्यातलं सगळं.
आधी कळलंच नाही तिला. मग, "म्हंजे त्याला वाटतंय मी म्हणलं?"
हो.
"आन् तुमी गप बसला?"
हो.
ओरडली असती तर चाललं असतं. ताटं पुसत राहिली. पुसून झालेलीच परत. शेवटी म्हणाली, "मी त्याला काय सांगणार न्हाई. पर आंगावरबी घेणार न्हाई. उद्या तुमीच जावा आणायला त्याला. घरात यायच्या आत काय ते बोला."

१० ऑगस्ट, उंब्रज फाटा
वही घरी. फोनवर लिहितोय.
गाडीला टेकून उभा आहे. वाक्य जुळवून ठेवलंय : सुन्या, ते मी बोललो. त्याने का विचारलं तर पुढे काय, ते जुळत नाही.
एसटी आली. उतरला. मला बघून हात केला. तेवढ्यात कंडक्टरच खाली उतरला, "आवं, नानावाले ना तुमी?" झालं. फोटो. मग रसवंतीवाला. मग दोन बायका बाजारच्या पिशव्या घेऊन.
सुन्या मधेच माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगतोय. सगळे वळून बघतायत माझ्याकडे. काय सांगतोय?
बोलवतोय. "हिकडं ये रं, फोटोत ये!"
चाललो.