पल्याड कोण गं उभी

किन्हीराजा,
फेब्रुवारी १९७७

प्रिय लिला,

सप्रेम जयभीम. तुझं कार्ड पोचलं. चार ओळी, आणि त्यातल्या तीन भुसावळच्या थंडीच्या! थंडीची बातमी मला रेडिओवरही मिळते गं. चौथ्या ओळीत मात्र तू लिहिलंस, "आता गानं कायचं, भागू." मी कार्ड उलटून पत्त्याच्या बाजूलाही पाहिलं, तिथे तरी काही जास्तीचं लिहिलं असशील म्हणून. काही नव्हतं. मग ठरवलं, तू हात आखडता घेतेस तर मीच ऐसपैस लिहिते. चहा कर, खिडकीपाशी बस आणि सावकाश वाच. मध्येच डोळे पुसत बसलीस तर चहा गार होईल, एवढं आधीच सांगून ठेवते.

वाईट बातमी पहिल्यांदा सांगून टाकते, म्हणजे पुढे मोकळेपणी गप्पा मारता येतील. माझ्या गळ्यात गाठ झाली आहे. सुपारीएवढी दिसते. मी पदर वर ओढून घेते म्हणून गावात फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. नागपूरला दाखवलं. जिवाला धोका नाही म्हणाले, पण गाठ काढावीच लागेल. होळी झाली की ऑपरेशन. मी विचारलं, आवाजाचं काय? डॉक्टर म्हणाले, बोलता येईल बाई, गाण्याचं मात्र आत्ता सांगता येत नाही. येताना एसटीत मी गावापर्यंत एक शब्द बोलले नाही. आमचे हे इतके घाबरले, त्यांना वाटलं आवाज आजच गेला. उतरल्यावर मी त्यांना पिशवी नीट धरा म्हणून ओरडले, तेव्हा बिचाऱ्यांच्या जिवात जीव आला.

त्या एसटीतच मनाशी ठरलं. आवाज आहे तोवर तो कुठेतरी भरून ठेवायचा. कैऱ्या संपायच्या आत आपण लोणचं घालतोच ना?

माझा धाकटा दीर भिवाजी तुला आठवत असेल. माझ्या लग्नात तुझ्या पेटीचा भाता खालीवर करून तिचा श्वास कुठून येतो ते शोधत बसला होता, तोच. आता वाशीमला रेडिओ दुरुस्त करतो. त्याने मुंबईच्या एका नातेवाइकाकडून वापरलेला टेपरेकॉर्डर आणलाय. कॅसेट घालायचा, सेलवरही चालणारा, वर धरायला मूठ असलेला. त्याच्या मायक्रोफोनला स्वच्छ रुमाल गुंडाळतो, का तर म्हणे वहिनीचा श्वास फुर्रकन आत जातो. घरात शिरला की आधी टाळी वाजवतो आणि कान देऊन ऐकतो. परवा आमच्या न्हाणीतही टाळ्या वाजवत होता. शेजारच्या चतुराबाईंनी मला हळूच विचारलं, "भिवाजीले काई झालं काय वो?"

पहिल्यांदा आम्ही विहारात बसलो. वर टिनाचं छप्पर, त्यात चिमण्या. ऐकलं तर माझ्यामागे दुसरी भागिरथा उभी राहून माझीच चेष्टा करत होती. मग घरातल्या पुढच्या खोलीत बसलो. गाण्याला जरा रंग चढला की गावातली पिठाची चक्की सुरू व्हायची, पुक पुक पुक पुक. भिवाजी चक्कीवाल्याकडे जाऊन हात जोडून आला. चक्कीवाला म्हणाला, "तुमचं गानं थांबते, लोकायचं जेवन थांबत नाई." खरंच होतं ते. आम्ही गुमान मशीन बंद केलं.

आणि मग, लिले, कापसाची खोली सापडली. आमची मागची खोली दिवाळीपासून भरलेली असते, खाली जमिनीपासून पार आढ्याला टेकेपर्यंत. भिवाजी सहज आत गेला, सवयीने टाळी वाजवली आणि तसाच उभा राहिला. टाळी वाजली तिथेच मेली होती. मागे नाही, पुढे नाही. "वहिनी, लवकर ये!" म्हणून त्याने अशी हाक मारली की मला वाटलं साप निघाला. दारापाशी आम्ही दोघांपुरती जागा केली, कापूस मागे लोटून. वरच्या आढ्याच्या कडीला पूर्वी पोरांचा पाळणा बांधायचो, तिला मायक्रोफोन टांगला. आणि मी गायले.

कसं सांगू तुला! आवाज तोंडातून निघतो आणि परत येतच नाही. कापूस तो पिऊन टाकतो. चक्की नाही, गाव नाही, कोंबड्या नाहीत. वरच्या झरोक्यातून दुपारचं ऊन तिरपं आत येतं, त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात, आणि सरकीचा तो उबदार वास. दर दोन ओळींनी शिंक येते, हा एकच त्रास. डोळे मिटले की मी किन्हीराजात राहतच नाही. मी मंगरूळपीरला तुमच्या ओसरीवर असते. काका पेटी काढत असतात, तिच्यावरचा फडका झटकत असतात. तू माझ्या वेणीचं टोक तुझ्या बोटाला गुंडाळून बसलेली असतेस. दर्ग्याकडून उदाचा वास येत असतो. गाणं सुरू व्हायच्या आधीची ती घटका, सगळे आपापला सूर शोधताहेत, कुणीच नीट गात नाही, तरी सगळं गाणंच चाललंय. मला त्या कापसात बसून रोज तीच घटका सापडते. बाहेर आले की केसांत कापूस असतो. आमचे हे म्हणतात, म्हातारी झालीस एका दुपारात.

यांचं मला खरंच नवल वाटतं. गावातले लोक कापूस खरेदी केंद्रावर नेऊन रिकामे होऊ लागले. आमच्या गाडीचा नंबर येऊन गेला. मी म्हटलं, न्या, माझं काय, होईल कुठेतरी. तर बैलाच्या पाठीवर हात फिरवत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "होऊ दे तुह्यं गानं. कापूस कुठी पळून राह्यला?" लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने मला कधी चांगलं गातेस म्हटलेलं नाही. आता म्हटलं नाही तरी चालेल.

ढोलकीला तांड्यावरचा हरिसिंग येतो. दोन दुपारी कापसात बसला आणि तिसऱ्या दुपारी रुसला. "बाई, माह्या ढोलकीचा जीवच गेला इथं," म्हणाला. थाप मारली की नुसतं धप. शेवटी भिवाजीने त्याला उंबऱ्याबाहेर बसवलं, दार अर्धं उघडं. मी आत कापसात, तो बाहेर उन्हात, आणि ढोलकी लांबून कुणी वाजवत येतंय अशी टेपमध्ये उतरली. मला फार आवडली. काही दुपारी आम्ही मशीन सुरूच करत नाही. नुसते बसतो. हरिसिंग त्यांच्या तांड्याचा ठेका धरतो, मी आपलं विहारातलं गाणं त्यावर चढवते, ते बसत नाही, घसरतं, चतुराबाई झांज चुकीच्या जागी वाजवतात आणि त्याच चुकीवर एकदम सगळं बसतं. तू असतीस तर पेटी सोडून टाळ्या पिटल्या असत्यास.

आता मुख्य गोष्ट. पहिलं गाणं कुठलं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. काकांचं, नदीच्या दोन काठांवरच्या दोन मैत्रिणींचं. पुढे कुणी गायचं म्हणून आपण भांडायचो, तेव्हा कंटाळून त्यांनी बांधलं होतं. माझी ओळ, "पल्याड कोण गं उभी?" आणि तुझी झील, "मीच गं सई, मी उभी." कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. त्या दिवशी आपलं भांडण मिटलं. तर भिवाजीने मशीन लावलं. घरातली वीज त्या दुपारी नव्हती, सेल उतरलेले. मग त्याने आपला नेहमीचा इलाज केला. बॅटरीचे सेल उतरले की आपण करतो तेच. सेल काढून अंगणात सुपात उन्हाला ठेवले, चांगले तापवले, परत घातले. मशीन फिरू लागलं. आम्ही खूश. मी सगळं गाणं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो वाशीमहून नवे सेल घेऊन आला, आणि ऐकायला सगळे अंगणात जमले. कळ दाबली. आणि टेपमधून मी नाही, एक पोरगी गायला लागली! उन्हातले सेल मनापासून ओढतच नव्हते गं. फीत हळूहळू फिरत होती आणि कुणाला पत्ता नाही. नव्या सेलवर ती भराभर पळाली आणि माझा आवाज वर चढला. चतुराबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हरिसिंग म्हणाला, "बाई, तुमची लेक गाऊन राह्यली काय?" भिवाजीने कपाळाला हात लावला, पुसतो म्हणाला, आत्ताच पुसतो, पुन्हा घेऊ.

मी त्याचा हात धरला. मला हसू येत नव्हतं. ती पोरगी मला ठाऊक होती. आत जाऊन पेटीवर सूर लावून पाहिला. आता मी काळी एकला गाते. ती पांढरी तीनला गात होती. आठवतं? काकांनी आपल्या दोघींसाठी ठेवलेली पट्टी. मी पेटीवर डोकं टेकलं आणि पुष्कळ रडले. दुःखाने नाही. कितीतरी वर्षांनी मी मला भेटले होते.

पुढची गाणी नव्या सेलवर घेतली, ती माझ्या आताच्या आवाजात आहेत, तीही बरी आहेत. पण ते पहिलं गाणं मी पुसू दिलं नाही. भिवाजी कुरकुरला. त्याची आणखी एक तक्रार आहे. मी प्रत्येक ओळीनंतर गप्प बसते. "वहिनी, एवढी जागा रिकामी काहून सोडली?" चतुराबाईही म्हणाल्या, "मी धरतो न झील, मले येते." मोठ्या मनाच्या आहेत, पण मी नाही म्हटलं. ती जागा रिकामी नाही, म्हटलं. तिथे माणूस आहे, फक्त ते सध्या भुसावळला असतं.

लिले, भाऊजी गेल्यापासून तू गायली नाहीस, हे मला तुझ्या कार्डांवरून कळतं. तुझं दुःख मी ओढून घेऊ शकत नाही, आणि आता काढ पेटी, असं सांगणारी मी कोण. पण माझा आवाज कदाचित होळीपर्यंतचाच आहे आणि तुझा धडधाकट असून गप्प आहे, हे मला रुचत नाही. स्पष्टच सांगते, रागच येतो मला त्याचा. म्हणून हे पत्र टपालात टाकलं नाही. भिवाजी मशीन, कॅसेट आणि नवे सेल घेऊन तुझ्या दारात उभा आहे, त्याला आधी पाणी दे. मग त्याला बाजारात पाठव, दार लावून घे आणि कळ दाब. फीत पळते, म्हणून जागा जरा लहान झाली आहे, पटकन उत्तर द्यावं लागेल. पट्टी पांढरी तीन. मशीन तुझ्याकडेच राहू दे, होळीच्या आधी तू स्वतः परत आणून द्यायचंस. तुझ्यासाठी कापूस तोवर विकणार नाही, यांनी कबूल केलंय. पुढे माझा आवाज राहिला तर दोघी गाऊ. नाही राहिला, तर मी पेटी धरीन, टेपमधली भागू गाईल आणि तू तिला झील देशील. पण ते पुढचं पुढे. आत्ता तेवढं एक कर. ती पोरगी तुला विचारते आहे, पल्याड कोण गं उभी? आणि विचारून थांबली आहे.

पलीकडच्या काठावरची तुझीच,
भागू